आईचा हृदयाचा स्कॅन पुन्हा करायचाय, नव्या गॅमा कॅमेऱ्यासाठी थांबावं का?

नमस्कार. न्यूक्लिअर मेडिसिनमधलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

आई ६६ वर्षांची, मधुमेही. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक आहे (हृदयाच्या डाव्या बाजूला विद्युत संकेत उशिरा पोचतो). छातीत दुखत नाही, पण जिना चढताना दम लागतो. तीन वर्षांपूर्वी तिचा हृदयाला ताण देऊन करतात तो स्ट्रेस स्कॅन झाला होता. (सगळे त्याला 'थॅलियम'च म्हणतात. प्रत्यक्षात टोचलं होतं टेक्नेशियम सेस्टामिबी नावाचं किरणोत्सारी औषध, हे मला परवा फाईल चाळताना कळलं.) रिपोर्ट असा की हृदयाच्या पुढच्या भिंतीत औषध किंचित कमी पोचलंय, बहुधा स्तनाच्या ऊतींची सावली असावी, शिवाय रुग्ण हलल्यामुळे चित्रं धूसर. हलणार नाही तर काय करेल? तिचा डावा खांदा आखडलेला, आणि दोन्ही हात डोक्यामागे घेऊन वीस मिनिटं निपचित पडायला सांगितलं. खांद्याचं आधी कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता डॉक्टरांना स्कॅन परत हवाय. एका ठिकाणी जुना दोन डोक्यांचा, म्हणजे दोन डिटेक्टरचा, कॅमेरा आहे, याच आठवड्यात नंबर लागतो. दुसरीकडे नव्या प्रकारचा सीझेडटी कॅमेरा आहे, तिथे तीन आठवडे थांबावं लागेल. डॉक्टर म्हणतात दोन्ही चालेल, घाई नाही. नव्यावर पाच मिनिटांत काम होतं म्हणे. भाऊ म्हणतो, इतक्या झटपट उरकलेला स्कॅन कच्चाच असणार. खरंच तसं असतं का? आणि तो 'बहुधा'वाला शेरा नव्या कॅमेऱ्यावर जाईल का?

– सायली६६

---

बारा वर्षं गॅमा कॅमेऱ्यावर काम करतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

जुन्या कॅमेऱ्याची रचना मुळात हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकात केली तीच आहे. गॅमा किरण सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर आदळला की बारीकसा उजेड पडतो, मागच्या फोटोमल्टिप्लायर नळ्या तो टिपून त्याचा विद्युत संकेत करतात. स्फटिकापुढे शिशाची जाळी असते, कॉलिमेटर. ती फक्त सरळ येणारे किरण आत सोडते. दहा हजारांतला जेमतेम एखादा पार होतो, बाकी सगळे वाया. वीस मिनिटं लागतात ती यामुळे.

सीझेडटी म्हणजे कॅडमियम झिंक टेल्युराइड. हा अर्धवाहक किरणाचा थेट विद्युत संकेत करतो, मध्ये उजेडाची पायरीच नाही. टेक्नेशियमच्या किरणाची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. ती मोजताना जुन्या कॅमेऱ्यात साधारण १० टक्के फरक पडतो, यात ५ ते ६. त्यामुळे शरीरात भरकटून ऊर्जा घटलेले किरण जास्त चांगले गाळता येतात. पण वेग मुख्यतः मांडणीतून येतो. नळ्या नसल्याने डिटेक्टर आटोपशीर असतात, ते छातीभोवती कमानीत लावून सगळ्यांचा रोख हृदयावर ठेवता येतो. मोजलेले किरण कमी नसतात हो, ते लवकर गोळा होतात इतकंच. तेव्हा भावाला सांगा, स्कॅन कच्चा नसतो. ही वाढीव कमाई वेळ वाचवण्यात घालायची की औषधाचा डोस कमी करण्यात, हे केंद्र ठरवतं. दोन्ही पुरेपूर मिळत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. सावली स्फटिक बदलून जात नाही! किरण ऊतींमध्येच अडला तर कॅमेरा कितीही भारी असो, त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. त्यासाठी सीटीवरून दुरुस्ती करतात, किंवा बसवून, पालथं झोपवून दुसरं चित्र घेतात. डाग जागा बदलतो का, ते बघायचं. त्या केंद्राला 'सीझेडटी आहे का' यापेक्षा 'अटेन्युएशन करेक्शन (या सावलीची दुरुस्ती) करता का' हे आधी विचारा. जुना कॅमेरा सीटीसकट असेल तर या एका बाबतीत तो सरस ठरू शकतो.

हातांबद्दलही विचारा. काही सीझेडटी यंत्रांत रुग्ण अर्धवट बसतो आणि डावा हात यंत्रावर टेकवता येतो. काहींत झोपून हात वरच घ्यावे लागतात, पण पाच-सात मिनिटंच.

– काउंटवाला

---

माझा सीझेडटीवर झालाय. कॅमेऱ्याखाली वेळ गेलाच नाही, पण सुई, ताण, पुन्हा वाट पाहणं यात अर्धा दिवस मोडला. चित्रं घेण्याचे पाच मिनिट म्हणजे पाच मिनिटांत घरी असं आईंना सांगू नका, चिडतील.

– निवांत

---

काउंटवाला, खूप आभार. दोन्हीकडे फोन केला. जुन्या कॅमेऱ्याला सीटी नाही. सीझेडटीवाल्यांकडेही नाही, पण ते पालथं झोपवून चित्र घेतात. हात वर घ्यावे लागतील, सहा मिनिटं. तेवढं ती करेल म्हणते. म्हणजे थांबायचं ठरतंय. ट्रेडमिलऐवजी औषधाने ताण देणार म्हणाले. आई कधीमधी दम्याचा पंप घेते, त्याने काही फरक पडतो का?

– सायली६६

---

पडतो, आणि हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! लेफ्ट बंडलमध्ये ट्रेडमिल किंवा डोब्युटामिनने नाडी वाढवली की हृदयाच्या मधल्या पडद्यात खोटा डाग दिसू शकतो, म्हणून अ‍ॅडिनोसिनसारखं रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध देतात. नेमकं तेच दम्यात श्वासनलिका आवळू शकतं. दमा सौम्य असेल तर त्याच प्रकारचं रेगाडेनोसॉन जास्त सोसतं, पण निर्णय डॉक्टरांचा. पंप नेमका कोणता, शेवटचा कधी घेतला, सगळं लिहून आजच कळवा, त्या दिवशी टेबलावर नको. चहा-कॉफी आदल्या दिवसापासून बंद, कॅफिन या औषधांचा परिणाम मारतं. आणि या तीन आठवड्यांत बसल्या जागी दम लागला किंवा छाती भरून आली, तर स्कॅनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या.

– काउंटवाला

---

पंपाचा फोटो आत्ताच डॉक्टरांना पाठवला. चहाचं आईला कोण सांगणार, यावर घरी वाद चालू आहे.

– सायली६६