जुन्या नोंदीतला 'ताप'

वर कोणीतरी लिहिलंय की जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत बहुतेकांपुढे नुसतं 'ताप' लिहिलेलं असायचं, म्हणजे रोग कमीच होते. असं नाहीये हो. नोंद करायचा गावचा पाटील नाहीतर कोतवाल, तो काही डॉक्टर नव्हे, त्यामुळे मलेरिया, टायफॉईड, न्यूमोनिया सगळं त्या एका शब्दात जायचं आणि दोन-चार दिवसांचं बाळ गेलं तर कितीदा नोंदच नाही, नावसुद्धा ठेवलेलं नसायचं.

गडचिरोलीत डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' या आपल्या संस्थेतर्फे घरोघरी जाऊन, आईला विचारून बाळ कशाने गेलं ते शोधलं, तेव्हा कळलं न्यूमोनिया आणि नवजात बाळांचा जंतुसंसर्ग किती मोठा आहे. १९८८ मध्ये तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२१ वर्षाच्या आतच जात होती!! मग कमी शिकलेल्या दायांनाही न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवायचं साधन दिलं, १९९५ पासून ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायका बाळाचं वजन करायच्या, ऊब द्यायच्या, गरज पडली तर घरीच जेंटामायसिन या जंतुसंसर्गावरच्या औषधाचं इंजेक्शनसुद्धा. तीन वर्षांत नवजात मृत्यू हे काम नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्के कमी. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात ना, ते याच कामातून आलंय.