मदत हवी आहे : पाच व्हॉल्व्हच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधील गुणगुण आणि मूळ भाग राखण्याचा प्रश्न

नमस्कार. साठच्या दशकात नाशकातल्याच एका रेडिओ कारागिराने हाताने बांधलेला मोनो (एकाच वाहिनीचा) आणि व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालणारा अ‍ॅम्प्लिफायर मी घरी दुरुस्त करीत आहे. बरेचसे काम मार्गी लागले आहे, परंतु स्पीकरमधून सतत येणारी खर्जातली गुणगुण काही केल्या जात नाही. ती घालवण्यासाठी आता ज्या भागांना हात लावावा लागेल, ते बदलावेत की राखावेत, याचा निर्णय मला करता येत नाही. अशा यंत्रांवर प्रत्यक्ष काम केलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सर्किट मलार्ड कंपनीच्या ‘फाइव्ह-टेन’ या पन्नाशीच्या दशकातील प्रसिद्ध आराखड्यावर बेतलेले आहे, म्हणजे पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट. सुरुवातीला ईएफ८६, फेज स्प्लिटर (सिग्नलच्या एकमेकींच्या उलट दोन प्रती करणारा) म्हणून ईसीसी८३, शेवटी पुश-पुल, म्हणजे आळीपाळीने जोर लावतील असे, जोडलेले दोन ईएल८४ आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) ईझेड८१. दोन्ही ईएल८४ बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे आहेत आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांची ताकद चांगली आहे. माझ्या थोरल्या काकांसाठी हा अ‍ॅम्प्लिफायर बनवला गेला आणि पुढे कित्येक पावसाळे तो जुन्या नाशकातील वाड्याच्या माळ्यावर पडून होता. चॅसी (धातूचा सांगाडा) उलटी केली की कारागिराचा हात दिसतो. वायरींची जुडगी मेणाच्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारून बांधलेली आहेत, प्रत्येक टोक टॅगला एक वेढा देऊन मगच सोल्डर केलेले आहे, आणि रेझिस्टरांचे रंगपट्टे एकाच दिशेने वाचता येतील असे बसवलेले आहेत. ही बांधणी विस्कटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आतापर्यंत केलेले काम थोडक्यात सांगतो. दोन पिनांची जुनी मेन्स वायर काढून तीन पिनांची घातली आणि चॅसीला पक्के अर्थिंग दिले. सुरुवातीला व्हॉल्व्ह काढून, ६० वॅटच्या दिव्याच्या सिरीजमध्ये वीज दिली. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमीजास्त करण्याच्या साधनावर) हळूहळू व्होल्टेज चढवण्याचा सल्ला मिळाला होता, परंतु रेक्टिफायरच व्हॉल्व्हचा असल्यामुळे त्याचा फिलामेंट पुरेसा तापेपर्यंत एच.टी. (व्हॉल्व्हना लागणारे उच्च डीसी व्होल्टेज) निर्माणच होत नाही, आणि त्यामुळे कंडेन्सरांना कमी व्होल्टेजपासून हळूहळू सरावण्याची संधी मिळत नाही. म्हणून फिल्टरचे (एच.टी. सपाट करणारे) कंडेन्सर वेगळ्या सप्लायवर, मोठ्या रेझिस्टरमधून चार्ज करून पाहिले. आमच्या भागात रात्री मेन्स २४२ व्होल्टपर्यंत जाते आणि ट्रान्सफॉर्मर २२० च्या टॅपवर (गुंडाळीच्या त्या व्होल्टेजसाठीच्या जोडणीवर) जोडलेला होता. त्यामुळे ६.३ व्होल्ट हव्या असलेल्या फिलामेंटवर ६.९ मिळत होते. २४० च्या टॅपवर नेल्यावर ते जागेवर आले.

त्यानंतर एक खरा धोका सापडला. एका ईएल८४ च्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर) १०.१ व्होल्ट होते, तर दुसऱ्याच्या कॅथोडवर १२.८. दोन्हीकडे २७० ओहमचेच रेझिस्टर आहेत, म्हणजे एक व्हॉल्व्ह सुमारे ३७ मिलिअँपिअर घेत होता आणि दुसरा ४७. कमाल १२ वॅट सोसणाऱ्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकावर) त्यामुळे मर्यादेबाहेरचा भार येत होता. दुसऱ्याच्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या नियंत्रक जाळीवर) शून्याऐवजी अधिक २.८ व्होल्ट दिसले. व्हॉल्व्ह आपसांत बदलून पाहिले तरी दोष त्याच सॉकेटवर राहिला, यावरून व्हॉल्व्ह नव्हे तर कपलिंग कंडेन्सर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा) गळतो आहे हे निश्चित झाले. दोन्ही बाजूंचे मेणकागदी कंडेन्सर काढून ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर घातले. आता दोन्ही ग्रिड शून्यावर आहेत आणि कॅथोडवर १०.२ व १०.४ व्होल्ट येतात.

गुणगुण मात्र तशीच आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेला किंवा इनपुट शॉर्ट केले तरी तीत फरक पडत नाही. मोबाइलवरील स्पेक्ट्रमच्या अ‍ॅपमध्ये १०० हर्ट्झचा उंच सुळका आणि त्याच्या तुलनेत ५० हर्ट्झचा अगदी लहान दिसतो. ईएफ८६ काढल्यास आवाज बदलत नाही. ईसीसी८३ काढल्यास तो निम्म्याने कमी होतो, पण उरतोच. फिल्टरसाठी ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचा अ‍ॅल्युमिनियमचा उभा डबा आहे. ईझेड८१ ला पहिल्या कंडेन्सरसाठी ५० मायक्रोफॅरडची कमाल मर्यादा असल्यामुळे मी पहिल्या भागाला समांतर काही जोडले नाही. दुसऱ्या भागाला तात्पुरता ४७ चा जोडून पाहिला तेव्हा आवाज थोडासाच कमी झाला.

आणखी दोन निरीक्षणे. फेज स्प्लिटरच्या प्लेटवरील दोन रेझिस्टर रंगपट्ट्यांनुसार १०० किलोओहमचे आहेत, पण मीटरवर एक १०४ दाखवतो आणि दुसरा १३१. तसेच आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे दोन अर्धे भाग १८२ आणि २१९ ओहम भरतात. हा फरक मला अधिक अस्वस्थ करतो, कारण ट्रान्सफॉर्मर बिघडला असेल तर तो पुन्हा गुंडाळून घेण्यावाचून मार्ग नाही, आणि नाशिकच्या सातपूर औद्योगिक भागातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे प्रायमरी-सेकंडरी थरांथरांनी एकमेकांत गुंफण्याचे काम कोणी करील का, याची मला शंका आहे.

गुणगुणीचा उगम फिल्टरच्या डब्यात आहे की या असमतोलात, हे कसे ठरवावे? डबा बदलावा लागल्यास तो आतून रिकामा करून त्यात नवे कंडेन्सर बसवावेत काय? येथील एका अनुभवी कारागिराने ईझेड८१ काढून सिलिकॉन डायोड घालण्याचे सुचवले आहे. ते मला पटत नाही, पण आपले मत जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद

आपण मापे दिलीत, त्यामुळे नेमके बोलता येते. १०० हर्ट्झ म्हणजे रेक्टिफायरनंतर उरलेला रिपल (डीसीवरील चढउतार). फिलामेंटच्या वायरिंगचा दोष असता तर ५० चा सुळका मोठा दिसला असता.

ईसीसी८३ काढण्याच्या प्रयोगाचा अर्थ मात्र जपून लावावा. तो काढताच निगेटिव्ह फीडबॅकही (आउटपुटचा अंश उलटा करून मागे देण्याची जोडणी) तुटतो. म्हणजे उरलेली गुणगुण आपण फीडबॅकच्या लगामाविना ऐकता, आणि आउटपुट स्टेजचा वाटा असतो त्यापेक्षा मोठा भासतो. पुश-पुलमध्ये एच.टी.वरचा रिपल दोन्ही अर्ध्यांत सारखाच येऊन बऱ्याच अंशी कटतो, परंतु जो रिपल आधीच्या व्हॉल्व्हच्या सप्लायमधून सिग्नलमध्ये मिसळतो, तो कटत नाही, उलट वाढवला जातो. आपल्या वर्णनात ईसीसी८३ आणि ईएफ८६ यांच्या एच.टी.वरील लहान डीकपलिंग (त्या टप्प्याचा सप्लाय आणखी सपाट करणाऱ्या) कंडेन्सरांचा उल्लेख कोठेच नाही. बहुधा ते ८ मायक्रोफॅरडचे असतील आणि त्याच वयाचे असतील. प्रथम तेच बदला. १० ते २२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे चालतील.

डब्याबाबत माझा आग्रह असा, की तो जागेवरच ठेवावा, त्याची जोडणी पूर्णपणे सोडवावी आणि नवे कंडेन्सर चॅसीखाली स्वतंत्र टॅगपट्टीवर बसवावेत. डबा कापून भरणे शक्य आहे, पण त्यात मूळ वस्तूलाच सुरी लागते. सोडवलेला डबा पुढच्या माणसाला जसाच्या तसा मिळतो. जुन्याला समांतर नवा जोडून कायमचे ठेवू नका, कारण जुना कंडेन्सर गळत आणि तापत राहतो. १०० किलोओहमचे दोन्ही रेझिस्टर एकदमच बदलावेत. या प्रकारच्या फेज स्प्लिटरमध्ये दोन बाजूंत थोडा फरक मुद्दाम ठेवतात, पण तो काही टक्क्यांचा असतो, पंचवीसचा नव्हे.

डायोडला आपण नकार दिलात ते योग्यच केलेत. डायोडमुळे एच.टी. वाढते आणि बाकीचे व्हॉल्व्ह थंड असतानाच ती पूर्ण चढते.

ट्रान्सफॉर्मरच्या फरकाने घाबरून जाऊ नये. एक अर्धा भाग दुसऱ्यावर गुंडाळलेला असेल तर बाहेरच्या प्रत्येक वेढ्याला अधिक तार लागते, म्हणून वेढे समान असूनही ओहम वेगळे येतात. खात्री करायची असल्यास यंत्र बंद करावे, कंडेन्सर डिस्चार्ज झाल्याचे मीटरवर पाहावे, व्हॉल्व्ह काढावेत, प्रायमरीचा मधला टॅप एच.टी.पासून सोडवावा आणि वेगळ्या लहान ट्रान्सफॉर्मरचे ६.३ व्होल्ट मधला टॅप व एक टोक यांना द्यावेत. दुसऱ्या अर्ध्यावरही ६.३ च्या आसपास मिळाले आणि तो लहान ट्रान्सफॉर्मर तापला नाही, तर वेढे शाबूत आहेत. हे ६.३ व्होल्ट सेकंडरीला मात्र कदापि देऊ नका, कारण तसे केल्यास प्रायमरीवर दोनशेच्या घरात व्होल्टेज उभे राहील. ही तपासणी झाल्याशिवाय सातपूरला जाऊ नये, आणि आकडे मिळाले की येथे अवश्य लिहावेत.