कप आला, पण घालवलेले चान्स? आणि मागच्या पोरांचं काय?

कॉपवरचा_बंड्या

काल रात्रीपासून लिव्हरपूल-चेल्सी लीग कप फायनलच्या (२५ फेब्रुवारी २०२४) हायलाईट्स तीनदा बघून झाल्या आणि ११८व्या मिनिटाला दर वेळी अंगावर काटा येतोच. सिमिकासचा कॉर्नर, व्हॅन डाइकचं डोकं, बॉल लांबच्या कोपऱ्यात. घरचे झोपले होते म्हणून उशीत तोंड खुपसून ओरडलो, तरी आई उठलीच. आपल्या लिव्हरपूलचा दहावा लीग कप आणि तोसुद्धा सालाह, अॅलिसन, ट्रेंट, नुन्येझ, सोबोस्लाय, जोटा, जोन्स यातला एकही मैदानात नसताना. सगळं मान्य.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. ही मॅच एक्स्ट्रा टाईमपर्यंत जायलाच नको होती राव. गाक्पोचं हेडर पोस्टला, व्हॅन डाइकचा पहिला गोल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ रेफरीने, खाल्ला (आपला एंडो ऑफसाईड उभा राहून चेल्सीच्या कोलविलला अडवत होता म्हणे, ठीके, नियम आहे), मग डॅन्स आणि एलियटची हेडरं त्यांचा कीपर पेत्रोविचने काढली. आणि तिकडे चेल्सीवाल्यांनी तर आपल्यापेक्षा जास्त घालवले. म्हणून विचारतो, ही क्लीन शीट (एकही गोल न खाणं) आपल्या पोरांनी कमावली का समोरच्यांनी आंदण दिली? सगळीकडे क्लॉपची पोरं क्लॉपची पोरं (कोच क्लॉपने उतरवलेली अकादमीतली) चाललंय, मलाही भारी वाटतंय, पण लीगमध्ये मँचेस्टर सिटीच्या पुढे आपण जेमतेम एका पॉइंटने आहोत, तिथे ब्रॅडली आणि क्वान्सावर एवढा भरवसा टाकायचा का? आणि नेहमीचा राईट बॅक ट्रेंट आला की ब्रॅडलीला सरळ बसवायचं?

हातमोजे_१

आधी हिशोब नीट मांड. "पोरं" म्हणून जे नाचवले जातायत त्यातला क्लार्क मिडफिल्डर, मॅककॉनेल मिडफिल्डर, डॅन्स फॉरवर्ड. बचावातली पोरं दोनच, ब्रॅडली आणि क्वान्सा, आणि दोघं मिळून एका वेळी मैदानात एक मिनिटही नव्हते. ब्रॅडली ७२व्या मिनिटाला बाहेर, क्वान्सा आला एक्स्ट्रा टाईमचा दुसरा हाफ सुरू होताना. मधला सगळा वेळ व्हॅन डाइक, कोनाते आणि गोमेझ. ही काय पोरं आहेत का?

क्लीन शीट आपला कीपर केलेहरची आहे, विषय संपला. पहिल्या हाफमध्ये चेल्सीच्या पामरचा तो एवढ्या जवळून मारलेला बॉल आठव, गोल झालाच म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. नंतर गॅलाघर एकटा समोर, तिथेही हा पठ्ठ्या घाई न करता उभा राहिला. लोक म्हणतात गॅलाघरने घालवला. अरे घालवला नाही, वाचवलाय! स्ट्रायकरने माती खाल्ली की हेडलाईन, कीपरने काढला की "मिस्ड चान्स". २०२२ च्या फायनलला याच चेल्सीविरुद्ध ११-१० च्या पेनल्टीत अकरावी यानेच मारली होती आणि तरी आजही हा "दुसरा कीपर". जाऊदे.

निळं_दुखणं

चेल्सीवाला बोलतोय, शिव्या हळू घाला.

लगातार सहावी डोमेस्टिक कप फायनल हरलोय. २०१९ ला सिटी, २०२० ला आर्सेनल, २०२१ ला लेस्टर, २०२२ ला दोनदा तुम्ही, आणि आता परत तुम्ही. तुमच्याशी वेम्बलीवर तीन फायनल, तिन्ही १२० मिनिटांपर्यंत गेल्या, म्हणजे ३६० मिनिटं, आणि त्यात गोल किती तर एक. तोही ११८व्या मिनिटाला. आमच्या नावावर शून्य!! ३६० मिनिटांत माणूस चुकून तरी एक मारतो. २०२२ ला माउंटने पोस्टला मारला होता, काल गॅलाघरने मारला, मला आता त्या पोस्टचाच राग यायला लागलाय. स्टर्लिंगचा गेला तेव्हा मी उडी मारली, खाली येईपर्यंत जॅक्सन ऑफसाईड.

केलेहर भारी खेळला, मान्य, पण हातमोजे तू जरा जास्तच करतोयस. समोरासमोर असताना कीपरच्या अंगावर मारायचा नसतो, एवढं शाळेतली पोरं पण जाणतात. आणि ज्याची चर्चा कोणी करत नाहीये ते सांगतो. तुमची पोरं तुमची पोरं, पण कोलविल काल वीस वर्षांचा होता, आज एकवीस पूर्ण झाली, गुस्तो पण वीसचाच. आमचाही बचाव पोरांचाच होता की, पण खरेदीचे आकडे एवढे मोठे की आमच्या पोरांना कोणी पोरं म्हणत नाही. कोलविल तर आमच्याच अकादमीतला, एक पैसा न देता आलेला. त्याला आजच्या दिवशी ट्विटरवर जे काय ऐकावं लागतंय ते वाचवत नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. ९० मिनिटं झाल्यावर तुमच्याकडे डॅन्स, मॅककॉनेल, क्लार्क मैदानात, आणि आमचे लोक मागे सरकून बसले. पेनल्टीची वाट बघत होते सगळे. अरे समोर अठरा-एकोणीस वर्षांची पोरं आहेत, तुटून पडा ना! नाही.

दोन_नंबर_जर्सी

मी स्वतः राईट बॅक खेळतो (रविवारी, पोट सांभाळून), त्यामुळे माझं मत आधीच एका बाजूला झुकलेलं आहे हे सांगून ठेवतो.

ब्रॅडलीबद्दल एक गोष्ट सगळे विसरतायत. ग्राव्हेनबर्ख २८व्या मिनिटाला जखमी होऊन गेला तेव्हा गोमेझ राईट बॅकला आला आणि ब्रॅडलीला पुढे विंगवर ढकललं. म्हणजे वीस वर्षांचा पोरगा, पहिली मोठी फायनल, आणि अर्ध्या तासात त्याचं कामच बदललं. विंगर होऊन परत चेल्सीच्या चिलवेलच्या मागे धावायचं म्हणजे काय ते करून बघा, तुम्ही त्याच्या मागे असता, चेहरा स्वतःच्या गोलकडे, आणि एक हात लागला की फ्रीकिक. बॅक म्हणून खेळताना निदान समोरचा समोरून येतो. त्यामुळे काल त्याने काय बचाव केला यावरून त्याला मार्क द्यायला माझ्या हिशोबाने मटेरियलच कमी आहे. महिन्याभरापूर्वी याच चेल्सीला ४-१ हरवलं तेव्हा एक गोल दोन असिस्ट त्याचेच, ते धरायचं तर धरा, पण तोही पुढचाच खेळ झाला. मागच्या सीझनला बोल्टनला लोनवर पूर्ण वर्ष काढलंय त्याने, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, तिथे लांब बॉल डोक्यावर येतात आणि कोणी दयामाया करत नाही. तिथली शिकवणी दिसते.

मला काल जास्त भीती क्वान्साची वाटली होती. मिडफिल्डमध्ये मॅककॉनेलचा पास चुकला तर मागे माणसं असतात. सेंटरबॅकचा चुकला तर मागे फक्त कीपर. शून्य-शून्य, १०५ मिनिटं झालेली, कोनातेचे पाय संपले, आणि बेंचवर थंड बसलेला एकवीसचा पोरगा आत. एक्स्ट्रा टाईमला सहावा सब (बदली खेळाडू) मिळतो तो क्लॉपने तिथे वापरला. मी असतो तर पहिला बॉल घाबरून प्रेक्षकांत मारला असता. पण याचा पदार्पणच ऑगस्टमध्ये न्यूकॅसलला, व्हॅन डाइक रेड कार्ड खाऊन बाहेर गेलेला असताना दहा जणांच्या टीममध्ये! त्यानंतर काय घाबरणार.

बंड्या, ट्रेंटचं म्हणशील तर, ट्रेंट खेळणारच. पण त्याला आत मिडफिल्डमध्ये सोडून ब्रॅडली मागे, असं एकदा बघायचंय मला.

कॉपवरचा_बंड्या

सिटीविरुद्ध बघायचंय का तुला ते? माझं बीपी वाढेल.

हातमोजे तुझा हिशोब पटला, मी पण त्या वाहवत गेलेल्यातलाच. @निळं_दुखणं भावा कोलविलबद्दल जे लिहिलंस ते खरंय, व्हॅन डाइक एवढ्या वेगात आला की तिथे कोणीही असता तरी तेच झालं असतं. पण "पेनल्टीची वाट बघत होते" हे तू बोललास म्हणून बरं, मी बोललो असतो तर खाल्लं असतंस.

निळं_दुखणं

खाल्लंच असतं.

हातमोजे_१

बुधवारी साउदम्प्टन आहे, एफए कप. काल १२० मिनिटं पळालेली माणसं तीन दिवसांत परत कुठून आणायची? अकादमीतली अजून कुठली पोरं शिल्लक आहेत बघा, आणि कोणी क्वान्साला विश्रांती द्या म्हटलं तर त्याने काल पंधराच मिनिटं खेळलीत हे लक्षात ठेवा.