समन्वय समितीचा अध्यक्ष मतदानाने की पाळीने? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

तळपण
गोव्यातल्या मदतसंस्थांची एक समन्वय समिती हवी, यावर आता वाद नको. २ ऑक्टोबर २००९ चा काणकोणचा पूर घ्या किंवा जुलै २०२१ चा सत्तरी-डिचोलीतला. अशा वेळी एका वाड्यावर तीन संस्थांची चादरं-भांडी पोचतात आणि पलीकडच्या वाड्यावर कुणी फिरकत नाही. प्रश्न आहे तो अध्यक्ष कसा निवडायचा याचा.

माझं मत मतदानाला. प्रत्येक सभासद संस्थेला एक मत, मतदान गुप्त, मुदत २ वर्षं, सलग दोनच मुदती. पाळी लावली की तयारी नसलेल्याच्याही गळ्यात माळ पडते, आणि नेमका त्याच्याच वर्षी पाऊस कोसळतो.

कुळागर
एक संस्था एक मत म्हटलं की कागदी संस्था उगवल्याच समजा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं जमली की संस्था होते. एकाच आळीतल्या एकवीस जणांनी मनावर घेतलं तर तीन मतं खिशात. पाळीत हा मोह राहत नाही, कारण जिंकण्यासारखं काही नसतं.

आणि आपण गोंयकार मतदानाचं कौतुक कुणाला सांगतो? देवस्थानांत महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार सभासद, दर तीन वर्षांनी अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार निवडतात. तिथले तंटे मामलेदाराच्या टेबलावर किती जातात, ते फोंड्यात कुणालाही विचारा.

तळपण
बाब, कागदी संस्थांवर उपाय आहे. मताचा हक्क सभासद झाल्या दिवशी द्यायचा नाही. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि निदान एका आपत्तीत प्रत्यक्ष केलेल्या वाटपाची नोंद असेल तरच मत. बाकीच्यांनी बसावं, बोलावं, मत देऊ नये.

मांडवीपार
दोघंही मतदान आणि पाळी यांतच अडकलात. तिसरी रीत आहे, पदसिद्ध अध्यक्ष. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या डिसेंबर १९९१ च्या ठराव क्रमांक ४६/१८२ नंतर आंतरसंस्था स्थायी समिती, म्हणजे मदतसंस्थांची जागतिक समन्वय समिती, उभी राहिली. तिचं अध्यक्षपद संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन मदत समन्वयकाकडे असतं, तिथे मतपेटी नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे आपल्याकडे जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष असतोच. त्यालाच इथेही बसवा, गोदाम आणि ट्रक एका फोनवर मिळतील.

तळपण
मग सरकारी छावणीत पाणी पुरत नाही, हे सांगणार कोण? अध्यक्ष स्वतःविरुद्ध पत्र लिहिणार का? जिल्हाधिकाऱ्याला कायम निमंत्रित ठेवा, खुर्ची देऊ नका. शिवाय त्याची बदली कधी होईल ते त्यालाही ठाऊक नसतं.

कुळागर
इथे तळपणशी सहमत. त्याच न्यायाने आमदार, पंच आणि पक्षाचे पदाधिकारीही नकोत. विधानसभेचे मतदारसंघ ४०, एकेकात साधारण तीस हजार मतदार. तांदळाचं एक पोतं कुठल्या वाड्यावर उतरलं यावर निकाल फिरतो, असं मानणारी माणसं आहेत. १९९४ च्या रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या आचारसंहितेत मदत गरज पाहूनच द्यावी, असं स्पष्ट म्हटलंय.

चौकट
मतदान घ्यायचंच तर नीट घ्या. समजा मतं २४, उमेदवार तीन, निकाल ९, ८, ७. नऊवाला निवडून आला, पण पंधरा जणांना तो नको होता. पहिल्याच पुराला हे पंधरा फोन उचलणार नाहीत. म्हणून पसंतीक्रम घ्या. सर्वांत कमी मतांचा बाद, त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीला, आणि १३ झाल्याशिवाय कुणी विजयी नाही. अखेर १२-१२ अडलं तर चिठ्ठी, पण हे नियमावलीत आधीच लिहिलेलं हवं.

मतपत्रिकेवर नाव लिहायला लावू नका. चोवीस जणांत अक्षर ओळखू येतं. छापील नावापुढे आकडा, बस्स. एका माणसाकडे दोन संस्थांची मतंही नकोत.

वाफेचं इंजिन
कुणी निवडायचं यावर इतकं बोललात, कुणाला ते राहिलं. मतदानाआधी उमेदवाराला पंधरा मिनिटांचं गणित द्या. ३०० माणसं शाळेत आणलीत, काय लागेल? स्फिअर मानकांप्रमाणे, म्हणजे आपत्तीतल्या मदतीच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांप्रमाणे, माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, म्हणजे ४५०० लिटर. २० जणांमागे एक शौचालय, म्हणजे १५. अगदी सुरुवातीला ५० जणांमागे एक चालतं, म्हणजे ६. माणशी साडेतीन चौरस मीटर छत. वीस बाय चोवीस फुटांचा वर्ग साधारण ४५ चौरस मीटरचा, त्यात १२ जण. म्हणजे पंचवीस वर्ग लागतात, आणि गावच्या प्राथमिक शाळेत इतके नसतात. "दुसरी शाळा कुठली?" असं जो उलट विचारील तो अध्यक्ष व्हावा. "सोय करू" म्हणणाऱ्याला सत्कार समितीत पाठवा.

कुळागर
हे पटलं. परीक्षा झाली की पाळीलाही माझा आग्रह नाही. पण नियम एवढा हवा की सर्वांत मोठ्या संस्थेचा प्रमुख अध्यक्ष झाला तर सामान वाटपाच्या निर्णयात तो बसणार नाही. देणगीदार समितीला आणि त्याच्या संस्थेला एकच समजतात. विदेशी देणगी नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला आलेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, तेव्हा "सगळ्यांचा पैसा एकत्र करतो" असं वचन देणाऱ्यावर मत वाया घालवू नका.

चौकट
वेळ महत्त्वाची. निवडणूक जानेवारीत घ्या, मे महिन्यात नको. सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी संस्था निबंधकाकडे जायला हवी. मग ठरावाची प्रत, नव्या सह्यांचे नमुने, ओळखपत्रं घेऊन बँकेत खेटे. जुने सहीवाले गेले आणि नवे नोंदले नाहीत, तर खात्यात पैसे असूनही ताडपत्री उधारीवर घ्यावी लागते. १ जूनपूर्वी गोदामाच्या किल्ल्या, साठ्याची वही आणि बारा तालुक्यांचे संपर्क नव्या हातात हवेत.

मांडवीपार
आणि जुलैत अध्यक्षाचीच भानगड निघाली तर?

तळपण
जून ते सप्टेंबर अविश्वास ठराव नाही.

चौकट
म्हणजे चार महिने त्याच्याच सहीने पैसे जाणार? ठराव नको, पण सहीचा अधिकार थांबवता यायला हवा. तीन दिवसांच्या नोटिशीने सभा, हजर असलेल्यांपैकी दोनतृतीयांश, आणि सही उपाध्यक्षाकडे. खुर्चीचा फैसला ऑक्टोबरात करा.

तळपण
उपाध्यक्षाचं नाव बँकेत जानेवारीतच घातलेलं असेल, तर मान्य.