व्हॅलर बंद झाला, म्हणजे कॅनडाची फुटबॉल लीग फसली का?

हॅमिल्टनकर (धागाकर्ता):
विनिपेगचा व्हॅलर एफसी २०२५च्या सीझननंतर बंद पडला आणि तेव्हापासून जो तो म्हणतोय की तो ज्यात खेळायचा त्या कॅनेडियन प्रीमियर लीगचं (सीपीएल) काही खरं नाही. मला हे अजिबात पटत नाही. १९९२ला जुनी कॅनेडियन सॉकर लीग गुंडाळली, त्यानंतर २०१९पर्यंत या देशाला पुरुषांची स्वतःची देशभर पसरलेली प्रो लीगच नव्हती, म्हणजे पंचवीसेक वर्षं इथल्या पोरांनी एकतर अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये (एमएलएस) पुढे आलेल्या तीन कॅनेडियन क्लबांत जागा मिळवायची, नाहीतर अमेरिका किंवा युरोप गाठायचा, आणि ते जमलं नाही तर बूट खुंटीला. २०१९च्या एप्रिलमध्ये हॅमिल्टनला आमचा फोर्ज विरुद्ध टोरांटोचा यॉर्क ही सीपीएलची पहिली मॅच झाली, १७ हजारांवर लोक आले होते. तिथून सहा वर्षांत लीगने काय दिलं ते तरी बघा. २१ वर्षांखालच्या कॅनेडियन खेळाडूंना प्रत्येक क्लबने सीझनभरात ठरावीक मिनिटं खेळवलंच पाहिजे असा नियम आहे, तो आकडा १००० वरून २००० वर गेलाय. कॅल्गरीच्या कॅव्हल्री क्लबचा जोएल वॉटरमन २०२०मध्ये एमएलएसच्या माँट्रियलला गेला आणि २०२२च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये होता. लीग नसती तर तो दिसला असता कुणाला?

पुनवडी:
असहमत. कॅनडाचा स्टार अल्फॉन्सो डेव्हिस घडला तो एमएलएसच्या व्हँकूव्हर व्हाइटकॅप्समध्ये, २०१८ला जर्मनीच्या बायर्न म्युनिकने उचलला, तेव्हा ही लीग सुरूही झाली नव्हती. मोठा खेळाडू मोठ्या स्पर्धेत घडतो. सीपीएलमध्ये आठ क्लब, २८ मॅचेस, म्हणजे त्याच सात टीमशी चार-चार वेळा खेळायचं, रेलिगेशन नाही, तळाला राहिलं तरी पुढच्या वर्षी परत तिथेच. त्यात पहिल्या सहाही फायनलमध्ये फोर्ज होता, चार जिंकला. याला चुरस म्हणायची का? तुम्ही हॅमिल्टनचे, तुम्हाला गोडच वाटणार.

हॅमिल्टनकर:
फोर्जचं म्हणाल तर २०२१ला व्हँकूव्हर आयलंडच्या पॅसिफिकने हरवलं, २०२४ला कॅव्हल्रीने हरवलं आणि २०२५ला टेबलमध्ये पहिला येऊनही फोर्ज फायनलपर्यंत पोचला नाही, ओटावाने कप नेला, तोही बर्फात एक्स्ट्रा टाइम खेळून. आणि डेव्हिस हा एक पोरगा हो, दहा वर्षांत असा एक निघतो. बाकीच्यांचं काय? एमएलएसच्या कॅनेडियन क्लबला खेळाडूंच्या यादीत तीन कॅनेडियन असले तरी पुरतात, मैदानात किती उतरवायचे यावर बंधन नाही. टोरांटोने इटलीच्या इन्सिन्येला वर्षाला दीड कोटी अमेरिकन डॉलर दिले आणि २०२३ला टीम तळाला गेली. सीपीएलच्या अख्ख्या टीमचा पगार त्यापुढे किरकोळ आहे, तरी पॅसिफिकने २०२१ला व्हाइटकॅप्सला ४-३ हरवलं आणि २०२५ला फोर्जने माँट्रियलला कॅनेडियन चँपियनशिपमधून, म्हणजे एमएलएस आणि सीपीएलचे क्लब एकत्र खेळतात त्या कपमधून, बाहेर काढलं.

कैरी:
कपमधल्या एखाद्या मॅचवरून दर्जा ठरत नाही. त्याच कपच्या २०२५च्या फायनलला सीपीएलची व्हँकूव्हर एफसी पोचली, कौतुकच आहे, पण व्हाइटकॅप्सने ४-२ने हरवलंच ना. व्हाइटकॅप्स त्या वर्षी काँकाकाफच्या, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिकेतल्या क्लबांच्या कपची फायनल आणि एमएलएस कपची फायनल दोन्ही खेळले. हरले दोन्ही, पण फरक कळतो. बाय द वे इथे कुणी बायकांच्या नॉर्दर्न सुपर लीगबद्दल बोलतच नाहीये. २०२५ला सुरू झाली, सहा क्लब, आणि त्याआधी कॅनडाने ऑलिंपिक गोल्ड जिंकलं तरी घरी एकही प्रो लीग नव्हती. खरी कमाल तिथे आहे.

गोंयकार:
मी पणजीहून लिहितोय, मला यात आपलीच गोष्ट दिसते. इयन ह्यूम आठवतो का, कॅनडाकडून खेळलेला, इंडियन सुपर लीगमध्ये केरळ आणि कोलकात्याकडून गोल मारून मग एफसी पुणे सिटीत आलेला? त्याचा देश तेव्हा स्वतःच्या लीगशिवाय होता. आणि पुणे सिटीचं काय झालं, २०१९ला क्लबच गेला. कारण एकच, क्लब शहराचा झाला नाही. हॅलिफॅक्स बघा, शहराच्या मधोमध तात्पुरत्या स्टँडचं साडेसहा हजारांच्या आसपास प्रेक्षकांचं ग्राउंड आणि ते भरतं. व्हॅलर मात्र ३०-३३ हजारांच्या कॅनेडियन फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉलसारखा खेळ) स्टेडियममध्ये खेळायचा, तिथे पाच हजार लोक आले तरी ओसाड वाटतं. लीग फसली नाही, जागा चुकली.

विनिपेगवाली:
जागा चुकली हे खरं आहे, पण माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला मी हे सांगून काय उपयोग? २०२२नंतर एडमंटन गेलं, आता आम्ही. आता कॅल्गरी आणि हॅमिल्टन यांच्यामध्ये एकही प्रो क्लब नाही, नकाशा काढून बघा केवढा देश मोकळा पडला. नवीन कोण आलं, तर २०२६पासून क्वेबेकचा सुप्रा. आनंद आहे, पण क्वेबेकला माँट्रियल आधीपासून होतं. हॅमिल्टनकर, तुमचे २००० मिनिटं ज्या पोरांसाठी आहेत त्यांच्या घराजवळ क्लबच नसेल तर तो नियम कुणासाठी?

हॅमिल्टनकर:
ताई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात भारी आहे आणि म्हणूनच मी म्हणतोय की लीगवर पाणी सोडू नका, उलट मागा. २०२६च्या वर्ल्ड कपच्या १३ मॅचेस टोरांटो आणि व्हँकूव्हरला आहेत, सरकारी पैसा त्या दोन स्टेडियमवर ओतला गेला. त्यातला थोडा भाग विनिपेग, एडमंटन, सॅस्काटूनला पाच-सहा हजार प्रेक्षकांच्या फुटबॉलच्या ग्राउंडसाठी दिला असता तर आज चित्र वेगळं असतं. अजूनही देता येईल.

पुनवडी:
ग्राउंड बांधून देतील, पण रोजचा तोटा कोण सोसणार? हॅलिफॅक्सहून व्हँकूव्हर आयलंडला मॅच खेळायला चार हजार किलोमीटरच्या वर विमानाने जायचं, हॉटेल, जेवण, सगळं पाच-सहा हजार प्रेक्षकांच्या तिकिटांतून. एडमंटनला लोकल मालक मिळाला नाही म्हणून बंद झालं, ग्राउंड तर तिथे होतं, क्लार्क स्टेडियम, ते काही ३३ हजारांचं नव्हतं. गोंयकारांच्या थिअरीचं याला उत्तर काय?

गोंयकार:
एडमंटनबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, नुसतं छोटं ग्राउंड पुरत नाही. ओटावाचा क्लब स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदने उभा केला, हॅमिल्टनला कॅनेडियन फुटबॉलचे टायगर-कॅट्सवाले आहेत, तोटा सोसणारा कुणीतरी लागतो. पण मग विनिपेगचा क्लबही तिथल्या कॅनेडियन फुटबॉल टीमवाल्यांकडेच होता, तरी का सोडला, हे तिथल्या लोकांनी सांगावं.

विनिपेगवाली:
त्यांची कमाई ब्लू बॉम्बर्स या कॅनेडियन फुटबॉल टीमवर आहे, ती लोकांच्या मालकीची आहे. तोटा वाढला की आधी व्हॅलरच जाणार हे आम्हाला इथे सगळ्यांना दिसत होतं.