युद्धकाळाचा इतिहास घरच्या डायऱ्यांवरून लिहावा का?

माझगावकर
१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोट फुटली. पोटात दारूगोळा आणि सोबत कापसाच्या गासड्या, धन्य ती अक्कल! दुपारी चारनंतर अर्ध्या तासात दोन धडाके. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्या दिवशीच बातमी दिली. इथल्या बातमीदारांना मात्र सेन्सॉरने मे महिन्यापर्यंत तपशील पाठवू दिले नाहीत. मग मधल्या काळात मुंबईकराला काय कळलं होतं, हे शोधायचं कुठे? घरोघरच्या डायऱ्यांत आणि पत्रांत. माझ्या मते ही कागदपत्रं सरकारी दप्तराच्या बरोबरीने वापरायला हवीत.

खडूस_गिरगावकर
बरोबरीने? अहो, बातम्या दाबल्या की अफवांनाच ऊत येतो. जपान्यांनी बॉम्ब टाकले असं त्या संध्याकाळी अनेकांना वाटलं. डायरीत तेच उतरणार. मृतांचा आकडा आजही कुणी ८०० सांगतं, कुणी १,३०० च्या वर. त्यात तुमच्या आजोबांच्या आकड्याची भर कशाला?

माझगावकर
आकड्यासाठी डायरी उघडतंय कोण? आग कशी लागली ते चौकशीच्या अहवालात बघा. लोकांना जपानची किती धास्ती होती, ते तिथे मिळणार नाही. तुमची अफवा हाच माझा पुरावा.

दप्तरी
दोघेही थांबा जरा. 'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजी आठवा. १८५७ ची धामधूम डोळ्यांनी पाहिली, पण लिहिली सुमारे पंचवीस वर्षांनी. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ती हकीकत छापली, तीही हात फिरवून. दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता छापली १९६६ साली. तोवर मराठी वाचक वैद्यांनी सुधारलेले भटजीच वाचत होता. तेव्हा आधी विचारा, नोंद त्याच रात्रीची की नंतरची? मूळ वही आहे की नातवाने नको ती पानं गाळून टाइप केलेली? मी तर डायरीपेक्षा जमाखर्चाची वही धरीन. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. त्यानंतर तांदूळ, रॉकेल कितीला पडलं, हे लिहिताना कुणी भाव खात नाही.

परळची_मुलगी
सगळे आजोबा लिहिणारे-वाचणारेच दिसतात इथे! गोदीतला हमाल डायरी लिहीत होता का? अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, त्यांच्या वह्या कुठायत? ज्यांनी लिहिलं, त्यांतले बरेचसे गच्चीवरून धूर बघत होते. डायऱ्यांवर विसंबलात तर युद्धकाळातली मुंबई म्हणजे गिरगाव-दादरची माडी, एवढंच उरेल.

माझगावकर
ताई, मुद्दा मान्य. पण हमालाची मनीऑर्डर गावी जायची ना? कुपनावर दोन ओळी असायच्या. कोकणातल्या ट्रंका उघडा.

परळची_मुलगी
त्या दोन ओळीही बऱ्याचदा पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या. 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' काढा त्यातून युद्धाचा इतिहास!

दप्तरी
१४ एप्रिलनंतरच्या आठवड्यात 'खुशाल आहे' लिहायला कुणी पैसे मोजले असतील, तर मला ते कुपन हवंय. पोस्टाच्या शिक्क्यासकट. तारीख तिथेच असते.

खडूस_गिरगावकर
आणि घरच्या भानगडी? आजीचं कर्ज, काकांचं दारूचं बिल, तेही संशोधकाच्या टेबलावर?

माझगावकर
दारूचं बिल तर आधी द्या. काळ्या बाजाराचा भाव तिथेच सापडेल.