जीसीपीला (ड्रोनच्या नकाशासाठी जमिनीवर फुली मारून मोजलेल्या पॉइंटला) अचूकता म्हणून ५ मिलिमीटर टाकायचं की जे खरं आहे ते?

डोंगरमाप:
मेटाशेपमध्ये, म्हणजे ड्रोनच्या फोटोंवरून नकाशा बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मार्करची (जीसीपीची) अॅक्युरसी आधीपासूनच ०.००५ मीटर भरलेली असते, म्हणजे ५ मिमी, आणि आपल्यातले निम्मे लोक ती तशीच ठेवून ऑप्टिमाइझ (कॅमेऱ्याचं गणित पुन्हा बसवायचं बटण) दाबतात. आता सांगा, घाटातल्या उतारावर, वाऱ्यात, पोल हाताने धरून आरटीके रोव्हरने (पोलवरच्या सेंमीपर्यंत मोजणाऱ्या जीपीएसने) कुणाची उंची ५ मिमीत येते? आडवं दीड-दोन सेंमी, उंचीला तीन, ते पण आभाळ मोकळं असलं तर. पण आपण ५ मिमी लिहिलं की सॉफ्टवेअर ते खरं धरतं आणि पॉइंट जुळवायला लेन्सचं कॅलिब्रेशनच ओढूनताणून बसवतं. रिपोर्ट चकाचक, मधली जमीन फुगलेली. मी ०.०२/०.०३ टाकतो. आडवं वेगळं, उभं वेगळं.

चुना_आणि_फुली:
लई पुस्तकी बोलताय राव. साध्या ड्रोनच्या फोटोला कॅमेरा अॅक्युरसी (फोटो कुठून काढला त्या जागेची) १० मीटर असते, त्याच्यापुढे जीसीपी ५ मिमी काय नि ३ सेंमी काय, जिंकणार जीसीपीच. आणि पार्टी रिपोर्टातला एररचा आकडा बघते, तिथं ३ सेंमी दिसलं की बिल अडकतं, ते तुम्ही भरणार का?

डोंगरमाप:
कॅमेऱ्याशी जिंकेल हो, पण टाय पॉइंटशी (फोटोफोटोत जुळणाऱ्या ठिपक्यांशी) पण भांडण असतंय ना त्याचं. आणि ड्रोन आरटीकेवाला असला, फोटोंच्या जागा ३ सेंमीत, तर ५ मिमी म्हणजे सहापट अचूक, आणि हिशेबात वजन वर्गाने वाढतं म्हणजे छत्तीसपट. एवढे पैसे मोजून घेतलेला आरटीके मग शोभेलाच.

उडतापंखा:
आरटीके ड्रोन आहे तर जीसीपी हवेतच कशाला?? दिवसभर डोंगर चढून फुल्या मारायच्या, त्यापेक्षा दोन फ्लाइट जास्त मारा.

डोंगरमाप:
हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. सगळे फोटो सरळ खाली बघणारे असले तर फोकल लेंथ जरा सरकते आणि अख्खा सर्फेस वर नाहीतर खाली जातो, आणि आतल्या आत सगळं छान जुळलेलं दिसतं. एक तरी पॉइंट खाली, एक माथ्यावर, आणि तिरक्या कॅमेऱ्याची एक फ्लाइट एवढं तरी करा.

जुना_मोजणीदार:
तुमचं चालू द्या, पण मी आत्तापर्यंत पाहिलेल्या मोठ्या चुका यातल्या एकाही आकड्याच्या नव्हत्या. एकदा पोल २ मीटरचा आणि रोव्हरमध्ये १.८ टाइप केलेला, सगळा डोंगर २० सेंमी वर. जीसीपी आणि चेकपॉइंट (फक्त तपासायला वेगळे ठेवलेले पॉइंट) त्याच पोलने घेतलेले, मग पकडणार कोण? शेवटी ऑटो लेव्हल (दुर्बिणीचं लेव्हल यंत्र) लावून बेंचमार्कपासून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेपासून, उंची आणली तेव्हा कळलं. एलिप्सॉइड (जीपीएस ज्या गणिती पृथ्वीवरून उंची देतो ती) आणि समुद्रसपाटीचा गोंधळ झाला तर आपल्याकडे साठेक मीटरचा फरक पडतो, तो आंधळ्यालाही दिसतो, हे २० सेंमी दिसत नाहीत.

चुना_आणि_फुली:
हे पटलं काका. पण चेकपॉइंट तरी किती? एएसपीआरएसने (नकाशांच्या अचूकतेचे नियम करणारी अमेरिकेतली संस्था) २०२३ला किमान २० चे ३० केले. पाझर तलावाच्या कामाला तीस पॉइंट मारायचे म्हणजे मजुरीतच सगळं जाईल.

डोंगरमाप:
तीस नका मारू, आठ मारा, पण ते मॉडेलला दाखवू नका. आणि त्याच २०२३ च्या नियमात कंट्रोल (म्हणजे जीसीपी) नकाशाच्या दुप्पट अचूक असलं तरी चालतं असं आहे. म्हणजे १० सेंमीचा नकाशा द्यायचा तर तुमचा ३ सेंमीवाला जीसीपी पुरून उरतो, मग ५ मिमीचं खोटं लिहायचं कशाला?

चुना_आणि_फुली:
पार्टीला तुम्ही समजवा. नंबर पाठवू का?